जुन्या कॅसेटवर नवी चेन

माझ्या सायकलवर माझं स्वतःचं असं फारसं काही नव्हतं. फ्रेम तेवढी माझ्या मापाची, कारण माझी उंची नवऱ्यापेक्षा वीतभर कमी आणि त्याला कोणाचाच इलाज नाही. बाकी सगळं त्याच्या सायकलवरून उतरलेलं. ब्रेक त्याचे, पुढचा शॉक त्याचा, चाकं त्याची. सीटसुद्धा त्याचीच, आणि ती बाईमाणसाला बसण्यासाठी केलेली नाही हे मला पहिल्याच आठवड्यात चांगलं कळलं होतं. तो स्वतःच्या सायकलसाठी काहीतरी नवं आणायचा, आणि काढलेला जुना भाग पुसून, ग्रीस लावून माझ्या सायकलवर चढवायचा. ते करताना त्याचा चेहरा असा खुललेला असायचा की बघणाऱ्याला वाटावं, बायकोला पैठणी आणलीय.

आमच्या सायकलवाल्यांच्या गटात यावरून मस्करी चालायची. "वहिनींची सायकल म्हणजे याची मागच्या सालची सायकल," असं कोणीतरी म्हणायचं आणि सगळ्यात मोठ्याने मीच हसायचे. मला त्यात कमीपणा वाटत नव्हता, हे आधी सांगून टाकते. आम्ही दोघंही उतरलेल्या कपड्यांत वाढलेली माणसं. माझं माहेर गिरगावातलं, जुन्या कारकुनांचं घराणं. एके काळी घरात भाडेकरू होते, पुढे नुसता तोरा उरला. तिथे चुलतबहिणींचे फ्रॉक मोठीकडून धाकटीकडे येत येत माझ्यापर्यंत पोचायचे, तोवर खिशावरची वेलबुट्टी फूल आहे की पक्षी हे ओळखू यायचं नाही. नवऱ्याचं घर लालबागचं, मूळ मालवणकडचं. त्याचे वडील गिरणीत होते. त्या घरात मोठ्या भावाची चप्पलसुद्धा धाकट्याकडे यायची, आणि हा धाकटा. आपण जपून वापरलेली चांगली वस्तू आपल्या माणसाला देणं हा त्याच्या लेखी प्रेमाचाच प्रकार होता. माझ्याही लेखी होता. निदान बरीच वर्षं होता.

हा नाद आम्हाला चाळिशी ओलांडल्यावर लागला. आधी त्याला, मग मला. डोंगरात चालवायची सायकल घ्यायची आणि राहायचं लालबागला, यात काय शहाणपण आहे, असं माझ्या आईने विचारलं होतं. तिचं बरोबरच होतं. इकडे डोंगर कुठला? इकडे चढ म्हणजे पूल. करी रोडचा, चिंचपोकळीचा, भायखळ्याचा, रे रोडचा. उजाडायच्या सुमाराला एकाच पुलावर पुन्हा पुन्हा चढायचं आणि उतरायचं, हाच आमचा सराव. एका पेपरवाल्याने काही दिवस बघितलं आणि मग न राहवून विचारलं, "मॅडम, काही हरवलंय काय?" रविवारी वाळकेश्वरचा चढ. तो चढून आलं की आम्ही दिवसभर फुशारकी मारायचो. कधी शीवच्या किल्ल्याच्या टेकडीवर दगडमातीची सवय म्हणून जायचो, तर तिथे फिरायला येणारी म्हातारी माणसं आमच्याकडे अशी बघायची की आपण काहीतरी चोरून नेतोय असं वाटायचं.

रे रोडच्या लाकडाच्या वखारीतून नवऱ्याने एक लांब फळीही आणली होती. ती सोसायटीच्या आवारात विटांवर ठेवायची आणि तिच्यावरून तोल सांभाळत जायचं. सेक्रेटरींनी हरकत घेतली. नवऱ्याने त्यांनाच सायकलवर बसवून फळीवर सोडलं. त्यानंतर त्यांनी फळीचं नाव काढलं नाही, पण लिफ्टमध्ये आमच्याशी बोलणंही सोडलं.

एवढा खटाटोप एका शर्यतीसाठी होता. घाटापलीकडे डोंगरात दर हिवाळ्यात ती भरते. तिच्यात जोडीने उतरता येतं, एक बाई आणि एक पुरुष. उजाडताना सुटायचं आणि सूर्य मावळायच्या आत संपवायचं. मध्ये तपासणीची ठिकाणं असतात, आणि प्रत्येक ठिकाणी ठरलेल्या वेळेच्या आत दोघांनी मिळून पोचावं लागतं. एक आला आणि एक मागे राहिला तर दोघंही बाद. नंबरात येण्याचा आमचा प्रश्नच नव्हता. पुढे येणारी पोरं आमच्या निम्म्या वयाची, त्यांचं जेवण होऊन झोप काढायची वेळ झाली तरी आम्ही डोंगरातच असायचो. मला ती फक्त एकदा संपवायची होती. मी विमा कंपनीत बसून काम करणारी, बसून काम करणाऱ्यांच्या घराण्यातली. परीक्षा पास झाले बसून, बढत्या मिळाल्या बसून. स्वतःच्या पायांनी मिळवलेली एक तरी गोष्ट मला हवी होती, आणि ती त्याच्या जोडीने हवी होती. माझं घोडं त्या एका शर्यतीवर अडलं होतं म्हणा ना.

पहिल्या खेपेला माझ्या पायांत गोळे आले आणि दुपारीच आमचा खेळ आटपला. दुसऱ्या खेपेला त्याचा टायर एका धारदार दगडावर असा फाटला की पंक्चर बुजवायला आत भरलेला पांढरा चीक त्याच्या दाढीपर्यंत उडाला. फिट्टंफाट, असं म्हणत आम्ही त्या दिवशी हसत घरी आलो. पुढच्या साली बघू, असं म्हणायला तेव्हा काहीच वाटत नव्हतं.

मग माझा उजवा गुडघा बोलायला लागला. जिना उतरताना कुरकुर, पूल चढताना कळ. दादरच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडावर धरले आणि सांगितलं की आतली गादी झिजत आलीय. "सपाटीवर सायकल खुशाल चालवा, उलट चांगलंच आहे. पण डोंगर पुरे आता." मी विनवणी केली. आयुष्यात मी कोणाची एवढी विनवणी केलेली नाही. शेवटी त्या वैतागून म्हणाल्या, "बरं, हा हिवाळा. व्यायाम नीट करायचा, आणि हा शेवटचा. परत माझ्याकडे असली फर्माईश घेऊन यायचं नाही."

म्हणजे एकच संधी उरली होती. ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती. माझ्या सासूबाईंनाही, ज्यांना शर्यत म्हणजे नक्की काय हे शेवटपर्यंत कळलं नाही, पण सुनेला काहीतरी मनापासून हवंय एवढं कळत होतं. मी त्यांना आईच म्हणते. त्या माझ्या गुडघ्याला रोज कसलंसं तेल चोळायच्या आणि चोळताना त्या डॉक्टरीणबाईंना नावं ठेवायच्या.

शर्यत जवळ आली तेव्हा नवऱ्याने स्वतःच्या सायकलसाठी गिअरचा नवा संच घेतला. चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा नवा डिरेलर, नवी चेन आणि नवं कॅसेट. कॅसेट म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा गठ्ठा, लहान चकती सपाटीला आणि सगळ्यात मोठी उभ्या चढाला. रिवाजाप्रमाणे त्याचा जुना संच माझ्याकडे यायचा होता. त्या जुन्या कॅसेटची मोठी चकती माझ्या आधीच्या चकतीपेक्षा बरीच मोठी होती. म्हणजे चढ सोपा जाणार आणि गुडघ्यावर जोर कमी पडणार. त्याने माझाच विचार केला होता, हे मला आजही मान्य आहे.

रविवारी दुपारी हॉलमध्ये पेपर अंथरून तो बसला होता. आई मिरच्यांची देठं काढत होत्या. उन्हाळ्यातला मसाला संपला होता, सगळं घरच शिंकत होतं. त्यांनी ती काळपट चेन आणि चकत्या बघितल्या आणि हातातलं काम थांबवलं.

"रे झिला, तुझा सगळा वापरलेला तिच्या गळ्यात कित्याक घालतंस? तिका येक तरी नवा घेवन ये मरे."

"आये, चलता ता चांगला," नवरा मान वर न करता म्हणाला.

"आणि तू गो? तू कित्याक गप रवतंस?"

मी गप्प राहायचं खरं म्हणजे काही कारण नव्हतं. मी कमावते, मला पाहिजे ते मी कधीही घेऊ शकले असते. पण त्या दिवशी आईंनी विचारलं आणि माझ्या आत काहीतरी हललं. इतकी वर्षं मी ज्यावर हसत होते त्यावर मला एकदम रडू येईल असं वाटलं. शेवटची शर्यत, आणि तीही उतरलेल्या सामानावर. माझ्यासाठी म्हणून कोणी कधी नव्या वस्तूचा खोका उघडला नाही, कागद फाडला नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून सुटल्यावर मी काळबादेवीच्या बाजूच्या सायकलच्या दुकानात गेले आणि एक नवी चेन घेतली. सोनेरी रंगाची. रुपेरीही होती, पण मी मुद्दाम सोनेरी मागितली. तशीच पुढे माहेरी गेले, आईला दाखवली. ती चष्मा पुसून म्हणाली, "जावयाने चेन केली हे बरंच केलं, पण हिला कडी कुठाय?" मी पोट धरून हसले. इतका आनंद मला त्या आधी कुठल्या खऱ्या दागिन्याचा झाला असेल असं वाटत नाही.

आता इथे थोडं समजावून सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. चेन झिजते म्हणजे तिच्या कड्या हळूहळू सैल होतात आणि ती किंचित लांब होते. ज्या दात्यांवरून ती फिरते ते दातेही मग तिच्याच मापाने झिजतात. दोघं एकमेकांच्या संगतीत झिजले की कुरकुर न करता पुष्कळ चालतात. त्यातलं एकच बदललं तर नव्याचं जुन्याशी जमत नाही. जोर लावला की चेन दात्यावरून उडी मारते. म्हणून बदलायचं तर जोडीने बदलायचं, नाहीतर जुन्यावर जुनंच राहू द्यायचं. हे सायकलवाल्यांतलं शेंबडं पोरही सांगेल. नवराबायकोचं वगैरे मी इथे काही म्हणणार नाही, ज्याने त्याने समजून घ्यावं.

मला हे माहीत होतं. त्याला माझ्याहून जास्त माहीत होतं. मी सोनेरी चेन त्याच्यासमोर ठेवली तेव्हा तो थोडा वेळ ती बोटांवर खेळवत बसला.

"मस्त आहे गं," तो म्हणाला. "पण माझ्या त्या कॅसेटवर ही नको. त्याची जुनी चेनच राहू दे. दोन्ही एकत्र झिजलेत, शर्यत आरामात काढतील. ही नंतर टाकू."

"नंतर कधी? नंतर मी कुठला डोंगर चढणार आहे?"

त्याने चेन पेपरवर ठेवली.

"मला ही हवीय," मी म्हणाले. "एकच वस्तू मागतेय."

माझा आवाज चढला होता. आई स्वयंपाकघरातून डोकावून गेल्या. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि माझ्या मते त्याला त्याच क्षणी पहिल्यांदा कळलं की माझी सायकल कशाकशाची बनलीय. तो एकदम उठला, हत्यारं घेऊन आला आणि म्हणाला, "टाकू. टाकून बघू. उडाली तर काढू, त्यात काय!" इतक्या घाईने म्हणाला की जणू माझं मन बदलेल अशी त्याला भीती वाटत होती.

आम्ही बघितली की. नीट तपासूनच बघितली. करी रोडच्या पुलावर चालवली, चिंचपोकळीच्या पुलावर उभं राहून पॅडल मारलं, एक खेप वाळकेश्वरही करून आलो. चेन लोण्यासारखी चालली. नवरा सारखा मागून आवाज ऐकत होता. "काही नाही उडत. मी उगाच घाबरवलं तुला," तो म्हणाला. मी भलतीच खूश. पण मुंबईचे चढ ते काय. त्या दोन मोठ्या चकत्यांची तिथे गरजच पडत नाही, मधल्यांवरच भागतं. आणि नेमक्या त्या दोन मोठ्या चकत्या नवऱ्याने आधी कधी गटाबरोबर सुट्टीच्या दिवशी घाटांत जाऊन रगडून रगडून झिजवल्या होत्या. त्या मऊ धातूच्या असतात, लवकर जातात. पुलांवर सराव करणारी माणसंच असली चूक करू शकतात. ज्याच्या घराजवळ खरा चढ आहे त्याला ती पहिल्याच दिवशी कळली असती.

शर्यतीच्या दिवशी सकाळी हवेत गारवा होता आणि गुडघा गप्प होता. सुरुवातीचा रस्ता शेतांच्या बांधांवरून जाणारा, मग ओढा, मग करवंदीच्या जाळ्यांतून नागमोडी वाट. पहिल्या ठिकाणी आम्ही वेळेच्या बरेच आधी पोचलो. दुसऱ्या ठिकाणी संत्र्याच्या फोडी खाल्ल्या, आणि तिथली मुलगी म्हणाली, "काकू, चेन काय भारी आहे!" मी इतकी फुगले की नवऱ्याने तुझ्यातलीच हवा चाकात भरू का म्हणून विचारलं. ती सकाळ मला पूर्ण आठवते. मी संपवणार होते, याबद्दल तेव्हा माझ्या मनात अजिबात शंका नव्हती.

त्याच्या पुढे मोठा चढ लागतो. लाल मातीचा, सुट्या दगडांचा, वळणं घेत पठारावर जाणारा. मी सगळ्यात मोठ्या चकतीवर चेन टाकली आणि जोर दिला. खट्‌ असा आवाज आला, पॅडल रिकामं खाली गेलं आणि मी पुढे फेकली गेले. उजवा गुडघा हँडलवर आपटला. तो आवाज ऐकल्याबरोबर पुढे गेलेला नवरा सायकल टाकून धावत खाली आला. धावताना त्याचं तोंड बघितलं आणि मला कळलं की त्यालाही कळलंय. दोघांनाही विचारावं लागलं नाही.

पुन्हा बसले, पुन्हा खट्‌. तिच्या शेजारची चकती घेतली तरी तेच. मधल्या चकतीवर चेन टिकत होती, पण त्या गिअरवर तो चढ चढायला माझ्याकडे वेगळे गुडघे हवे होते. नवऱ्याची चेन माझ्या गिअरना बसत नव्हती, ती बारीक. त्याची सायकल मला उंच, पाय पोचेनात. जुनी चेन लालबागला खिळ्यावर टांगलेली. त्याने सगळं सुचवून बघितलं, मी सगळ्याला मान हलवली.

मग मी ढकलायला लागले. तो एका हाताने स्वतःची सायकल ढकलत होता आणि दुसऱ्या हाताने माझ्या सायकलची सीट धरून लोटत होता. "जमेल, जमेल," असं म्हणत होता, आणि थोड्या वेळाने तेही म्हणायचं थांबला. आमच्या मागच्या जोड्या एकेक करून पुढे गेल्या. गुडघा हातात धरून चालता येत नाही, नाहीतर मी तसंच केलं असतं. पठारावर पोचलो तेव्हा तपासणीवाले टेबल मिटत होते. एका पोराने आमच्याकडे बघून घड्याळ दाखवलं आणि मग त्यालाच वाईट वाटलं असावं, कारण त्याने उरलेली सगळी केळी आमच्या हातात दिली. मी ती केळी खाल्ली. रडत खाल्ली. नवरा माझ्या बुटाची नाडी सोडत बसला होता, तिला काहीही झालेलं नव्हतं.

परतताना गाडीत तो म्हणाला, "मी ठाम राहायला हवं होतं."

"तू सांगितलं होतंस," मी म्हणाले.

"सांगितलं. पण नीट नाही सांगितलं."

आम्ही भांडलो असतो तर बरं झालं असतं. त्याला दोष द्यायचा तर त्याने माझा हट्ट पुरवला एवढाच त्याचा दोष. मला दोष द्यायचा तर त्याच्याच्याने देववत नव्हतं, कारण मागच्या सगळ्या वर्षांचा हिशेब त्याच्या डोळ्यांसमोर उभा होता. मी अनेकदा विचार केलाय. मागायचंच होतं तर मी सगळं मागायला हवं होतं, नाहीतर काहीच नको होतं. मी अर्धं मागितलं आणि ते चुकीचं अर्धं होतं. आधीपासून सरळ तोंड उघडलं असतं, "मला नवी सीट हवी, नवे ब्रेक हवेत, तुझं जुनं दुसऱ्या कोणाला दे," तर तो हसत घेऊन आला असता. त्याला फक्त कोणीतरी सांगायला हवं होतं. मी सोशिकपणाचं कौतुक मिळवत बसले. त्या कौतुकाची मला चटक लागली होती, हेही खरं.

पुढच्या आठवड्यात मी ऑफिसातून आले तर माझ्या सायकलवर कोरं करकरीत कॅसेट बसवलेलं. सोनेरी चेन त्याच्यावर सुरेख चालते. डॉक्टरीणबाईंनी सुजलेला गुडघा बघितला, मला काही बोलल्या नाहीत, नवऱ्याला मात्र बोलल्या. मी आता त्या सायकलवरून दादरला भाजीला जाते, कधी चौपाटीपर्यंत जाऊन येते. पूल आला की उतरून चालते.

आईंनी त्या दिवसानंतर लेकाला कधी टोमणा मारला नाही. फक्त मला एकदा म्हणाल्या, "माझ्याच जिभेक हाड नाय गो. मी बोलाक नको होता." मी त्यांना किती सांगितलं की तुमचा काही संबंध नाही. त्या ऐकेनात. एका चेनपायी घरातली तीन माणसं आपापल्या कोपऱ्यात मनाला लावून घेऊन बसली होती.

पुन्हा हिवाळा आला तेव्हा नवरा शर्यतीचं नावच काढेना. मीच विषय काढला. म्हटलं, तू एकटा जा. एकट्यांचीही शर्यत असते, रस्ता तोच. तो नको म्हणाला, मग बघू म्हणाला, मग मी चिडले. "माझ्यामुळे तूही घरी बसलास तर मला ते सहन होणार नाही. तुझे गुडघे धड आहेत तोवर जा." शेवटी तयार झाला. एकदा तरी आमच्या दोघांपैकी कोणीतरी ती शेवटची रेघ ओलांडावी, असं मला फार वाटत होतं. त्याने ओलांडली की माझीही थोडीफार ओलांडून होईल, असा माझा आपला एक समज.

मी बरोबर गेले. गुडघ्याला पट्टा बांधून, घडीची खुर्ची घेऊन, शेवटच्या कमानीजवळ बसले. मनात अंदाज बांधला होता. आमचा दोघांचा वेग मला तोंडपाठ होता. इतकी वर्षं बरोबर चालवली, तो कुठे किती वेळ घेतो हे मला कळत नाही असं कसं होईल? त्या हिशेबाने तो ऊन उतरल्यावर येणार होता. म्हणून दुपारी मी खुर्चीवर ओढणी टाकली आणि निवांत, लंगडत, रस्त्यापलीकडच्या टपरीवर चहा प्यायला गेले. गरम भजीही सांगितली.

परत आले तर माझ्या खुर्चीवर तो बसला होता. अंगभर लाल धूळ, गळ्यात पदक, मांडीवर हेल्मेट आणि माझी ओढणी. मला वाटलं, काहीतरी मोडलं आणि गाडीतून आणून सोडला. माझ्या हातातली भजी तशीच राहिली.

"काय झालं?"

"संपली," तो म्हणाला. "मघाशीच आलो. तू दिसली नाहीस."

ऊन अजून डोक्यावर होतं. पदक त्याने काढून माझ्या हातात दिलं, मी ते हातात धरलं आणि त्याला रेघ ओलांडताना मी बघितलं नाही, याचंच मला इतकं वाईट वाटलं की अभिनंदन करायचंही राहून गेलं.

"त्या चढावर वर पोचलो ना," तो बाटलीचं बूच लावत-काढत म्हणाला, "आणि उभाच राहिलो. सवयीने. खाली वाटेकडे बघत. लोक पुढे चालले होते. मग तिथला पोरगा म्हणाला, अंकल, तुम्ही सोलोवाले ना, कोणासाठी थांबलात?"

"मग?"

"मग काय. निघालो."

"किती वेळ थांबला होतास?"

"बराच."

"एवढं थांबूनही एवढ्या लवकर आलास?" माझ्या तोंडून निघून गेलं.

तो एकदम गोंधळला. भजीतलं एक उचललं, तोंडात टाकलं आणि चटकन म्हणाला, "अगं, या वर्षी रस्ता खूप चांगला केलाय. एकदम मक्खन."

रस्ता कोणी केला नव्हता. सकाळी सामान घेऊन जाणाऱ्या जीपमधून मी त्या पठारापर्यंत जाऊन आले होते. चढ तसाच होता, तेच सुटे दगड, तीच लाल माती. मी मान हलवली आणि म्हटलं, "हो का? बरं झालं बाई."